आचंद्रार्क म्हणजे नेमकी किती वर्षं?

गेल्या पाच अंकांत माझ्या पाच विज्ञानकथा छापून आल्या, एकाच माळेतल्या, आणि आता वाचकांच्या प्रश्नांचं हे पानसुद्धा संपादकांनी माझ्याच गळ्यात घातलंय, कारण पत्रं एवढी आली की पोस्टमननेच विचारलं, सर घरात लग्नकार्य आहे की काय.

ज्यांनी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिली गोष्ट 2300 सालातली, खाडीकाठचा म्हातारा तांडेल नातीला भरतीची वेळ काढायला शिकवतो. दुसरी अंतराळात गरगर फिरणाऱ्या शहरातली, जिथे कोणीतरी हट्टाने माड लावलेत. तिसरी ‘मित्र’ नावाच्या ताऱ्याकडे (इंग्रजीत अल्फा सेंटॉरी) निघालेल्या यानातली. चौथी 12 हजार वर्षांनंतरची, त्यात एक मुलगा ‘अभिजित’ नावाच्या ताऱ्याकडे (इंग्रजीत व्हेगा) जाऊन परत येतो. पाचवी पार 60 कोटी वर्षांनी, एका किनाऱ्यावर शेवटचं खग्रास सूर्यग्रहण बघायला जमलेल्या लोकांची. माणसं प्रत्येक वेळी नवी, पुढे पुढे जातं ते फक्त तांडेलाने नातीला शिकवलेलं गणित.

जुन्या दानपत्रांत ‘आचंद्रार्क’ असा एक शब्द असतो, चंद्र आणि सूर्य आहेत तोपर्यंत. जमीन दिली ती आचंद्रार्क दिली. शाळेत असल्यापासून मला वाटायचं, हे म्हणजे नक्की किती, कोणी मोजलंय का? तर हो, बऱ्यापैकी मोजलंय, आणि त्यातूनच या गोष्टी निघाल्या. आता पत्रं घेतो.

सर, पहिल्या गोष्टीतला तांडेल ‘तिथीची पाऊणपट’ करून भरती सांगतो ते बरोबर, आम्ही पण तेच करतो. पण पाचव्या गोष्टीत 60 कोटी वर्षांनी ती बाई पण पाऊणपटच करते. तुम्हीच लिहिलंय की तेव्हा दिवस मोठा झालेला असणार, मग पाऊणपट कशी चालेल? आमच्या पोराने कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, जमत नाही.
— एक तांडेल, हर्णै

तांडेलकाका, पकडलंत. पाच गोष्टी, दोन वेळा प्रूफ वाचलं, एक फिजिक्सवाला मित्रसुद्धा वाचून गेला, आणि चूक सापडली ती होडीवाल्याला.

बाकीच्यांना समजावं म्हणून सांगतो. आपल्याकडे तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढे वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. (मुंबईच्या अंगाला हे चांगलं बसतं, आम्हा खालच्या, दक्षिणेकडच्या लोकांना भरती थोडी आधी येते, ते ज्याचं त्याने आपापल्या बंदराप्रमाणे कमी करायचं.) आता हे चालतं का, तर अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, पौर्णिमेला परत बाराच्या आसपास, म्हणजे 15 तिथींत भरती 12 तास सरकली. एका तिथीला 48 मिनिटं. पाऊण तास म्हणजे 45. तीन मिनिटांचा फरक पडतो तो पंधरवड्याच्या शेवटी पाऊण तास होतो आणि पक्ष बदलला की हिशोब परत पहिल्यापासून, त्यामुळे कोणाचं काही अडत नाही. एवढं सुटसुटीत गणित मी तरी दुसरं बघितलेलं नाही.

आता त्या 48 मिनिटांत दिवसाची लांबी लपलेली आहे, आणि तिथेच मी पडलो. भरती-ओहोटीचं पाणी समुद्राच्या तळाला घासत राहतं, त्याने पृथ्वीच्या फिरण्याला ब्रेक लागतो आणि त्या बदल्यात चंद्र लांब ढकलला जातो. वर्षाला 3.8 सेंटीमीटर. हा आकडा अंदाजपंचे नाही, 1969 मध्ये अपोलो 11 च्या लोकांनी चंद्रावर आरसे ठेवले, त्यावर लेझर मारून अजून मोजतात. दिवस वाढतो तो शतकाला साधारण 2 मिलिसेकंद. ऐकायला काहीच नाही. पण 60 कोटी वर्षं म्हणजे 60 लाख शतकं, गुणाकार केला तर 12,000 सेकंद, म्हणजे 3 तास 20 मिनिटं. दिवस झाला 27 तास 20 मिनिटांचा, त्याचा अर्धा भाग 15 तिथींत वाटला की तिथीला जवळपास 55 मिनिटं. अष्टमीला माझी ती बाई सहाचा हिशोब धरून होडी बाहेर काढायला जाणार आणि खरी भरती सव्वासातच्या पुढे. गाळात रुतून बसेल बिचारी.

(ब्रेकचा जोर कायम एवढाच राहील असं धरून हे गणित आहे. किनारे आणि समुद्रांचे आकार बदलले की तोही बदलतो. पण दिवस वाढतोय एवढं पक्कं, कारण मागचा पुरावा दगडात आहे. पोवळ्यांच्या अंगावर रोजची एक बारीक रेघ उमटते आणि वर्षाचा एक जाड पट्टा. 1963 मध्ये जॉन वेल्स नावाच्या माणसाने सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या पोवळ्यांवरच्या रेघा मोजल्या तर वर्षाला साधारण 400 भरल्या. वर्ष तेवढंच, म्हणजे दिवस 22 तासांचा.)

पुस्तक निघेल तेव्हा दुरुस्ती करतो. बाई पाऊणपट म्हणेल, कारण आजीने तसंच शिकवलंय, आणि मग न सांगता तासभर थांबेल. हे मला आधी सुचायला हवं होतं खरं तर. तुमच्या पोराला सांगा कॅल्क्युलेटर सोडू नको.

चौथी गोष्ट वाचून मी रडले. तो परत येतो तेव्हा आई नसते, घर नसतं. पण सर, एवढं पुढे गेलेलं जग आणि तो आईला एक फोन करू शकत नाही? माझे बाबा शिपिंगमध्ये आहेत, पूर्वी सहा-सहा महिने पत्र नसायचं असं आजी सांगते, आता रोज व्हिडिओ कॉल असतो. पुढे तर अजून सोपं व्हायला हवं ना?
— कॉलेजची विद्यार्थिनी, मालवण

ताई, नाही. उलट ते तुझ्या आजीच्या काळासारखं होतं, किंबहुना त्याहून वाईट.

प्रकाश सेकंदाला जवळजवळ 3 लाख किलोमीटर जातो आणि त्याच्यापुढे काहीच जात नाही, फोन पण नाही. पृथ्वीवर हे कळत नाही कारण पृथ्वी लहान आहे. अभिजित 25 प्रकाशवर्षं लांब. तिथून त्याने ‘आई जेवलीस का’ विचारलं की आईला ऐकू येणार 25 वर्षांनी, तिने ‘हो रे’ म्हटलं की त्याला अजून 25 वर्षांनी. मी पहिल्या खर्ड्यात एक कॉल घातला होता, मग हे गणित केलं आणि कॉल काढून टाकला. तो काढल्यावरच ती गोष्ट उभी राहिली.

आता दुसरी भानगड, वेळ कमी-जास्त होण्याची. हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला सोपं आहे कारण आपल्या प्रत्येक घरात चाकरमानी आहे. समजा चाकरमानी प्रकाशाच्या 99 टक्के वेगाने जातोय. त्या वेगाला त्याचं घड्याळ घरच्या घड्याळाच्या सातपट हळू चालतं. त्याला स्वतःला काही जाणवत नाही, दाढी नेहमीसारखी वाढते, भूक नेहमीसारखी लागते. अभिजितला जाऊन परत यायला वाडीच्या हिशोबाने 50 वर्षांच्या वर, याच्या हिशोबाने साधारण सात. म्हणजे यानात याने सात गणपती बसवले आणि इकडे घरात पन्नास झाले. हा पंचविशीत गेला, बत्तिशीत आला, आई तेव्हा पन्नाशीची होती. पुढचं तूच कर.

हे नुसतं कागदावरचं नाही. वातावरणात वर तयार होणारे म्युऑन नावाचे कण एवढे अल्पायुषी असतात की त्यांनी जमिनीपर्यंत पोचायलाच नको, पण वेगात असल्यामुळे त्यांचं घड्याळ मंदावतं आणि ते पोचतात. आत्ता हे वाचताना तुझ्या हातातून जातायत.

एक कबुली मात्र देतो. त्या यानाला लागणारी ऊर्जा मी गोष्टीत शिताफीने लपवली. एक किलो तांदळाची पिशवी प्रकाशाच्या फक्त 10 टक्के वेगाला न्यायची तर 12.5 कोटी युनिट वीज लागते, म्हणजे महिन्याला दीडशे युनिट जाळणारी 70,000 घरं वर्षभर. तीच पिशवी 99 टक्क्यांना न्यायची तर 15 हजार कोटी युनिटच्या वर. एका किलोला! यान, माणसं, त्यांचं सामान, वर थांबायला आणि परत यायला. चिपळूणच्या एका वाचकाने नेमकं हेच विचारलंय की बिल कोण भरतो. सूर्याजवळ फिरणारे आरसे भरतात असं मी एका वाक्यात लिहून पुढे सटकलो, आणि ते वाक्य कमजोर आहे हे मला माहितीये.

दुसऱ्या गोष्टीत नारळ पडतो आणि माडाखाली झोपलेला माणूस वाचतो. हे काय दैवी की काय? आमच्या बागेत नारळ पडला तर खालचा पत्रा फुटतो.
— एक बागायतदार, गुहागर

दैवी काही नाही, उलट त्याच्या जागी देवसुद्धा वाचला असता.

ते शहर म्हणजे एक मोठं चाक, 224 मीटर त्रिज्येचं, मिनिटाला दोन फेऱ्या. एवढ्या वेगाने फिरवलं की कडेच्या आतल्या बाजूला उभ्या माणसाला पृथ्वीएवढंच वजन वाटतं. पण ते खरं गुरुत्वाकर्षण नाही, जमीन आपल्याला सतत वळवत असते म्हणून वाटणारं वजन आहे ते. नारळ देठातून सुटला की त्याला कोणीच खाली ओढत नाही, तो आपला सरळ रेषेत जात राहतो आणि जमीन वळत वळत येऊन त्याला धडकते. आता शेंड्याकडचा भाग चाकाच्या मध्याच्या जवळ असल्यामुळे त्याचा वेग जमिनीपेक्षा थोडा कमी, त्यामुळे नारळ मागे पडतो. 15 मीटरच्या माडाचं गणित मी कागदावर आकृती काढून केलं, पडायला 1.8 सेकंद लागतात आणि तेवढ्यात जमीन पुढे सरकून जाते, नारळ बुंध्यापासून जवळपास 4 मीटर बाजूला पडतो. दर वेळी एकाच बाजूला. म्हणून त्या शहरातली माणसं माडाच्या एका अंगाला खुशाल खाट टाकतात आणि दुसऱ्या अंगाला पोरांना फिरकू देत नाहीत.

पाडेल्याचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण मीच सांगतो. माडावर वर चढेल तसं त्याचं वजन कमी होत जाणार, शेंड्याला साधारण सात टक्के. वर चढताना खोड त्याला एका बाजूला रेटणार, उतरताना दुसऱ्या. आमच्या घरी येणाऱ्या पाडेल्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, सात टक्के कमी वजन असेल तर मजुरी पण कमी देशाल तुम्ही.

सर, माका एक सांगा, चौथ्या गोष्टीत बारा हजार वर्सांनी यानातली माणसा गाऱ्हाणा घालतत आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणतत. ह्या तुमका खरा वाटता? हयसर माझो झील मुंबैक जावन दोन वर्सांत मालवणी विसारलो.
— एक वाचक, कुडाळ

बाबांनो, तुमचा झील विसरला तसे तेही विसरलेत, गोष्ट परत एकदा वाचा. त्यांना त्यातलं अक्षरही कळत नाही. (बाहेरच्यांसाठी सांगतो, गाऱ्हाणं म्हणजे एकाने देवापुढे मागणं म्हणायचं आणि बाकीच्यांनी दर वेळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं.)

भाषा किती टिकते ते बघायला अलिबागजवळ अक्षीला जा. तिथला शिलालेख शके 934 चा, म्हणजे 1012 सालातला, मराठीतला सगळ्यात जुना म्हणून सांगतात. त्यात ‘पसीमसमुद्राधीपती’ असं आहे, ते आपल्याला कळतं, पश्चिम समुद्राचा अधिपती, पण बाकीचं वाचायला जाणकार माणूसच लागतो. ही फक्त हजार वर्षं, तीसुद्धा लिहून ठेवल्यावर. बारा हजार वर्षांत मालवणीच काय, आज बोलली जाणारी कुठलीही भाषा आहे तशी राहणार नाही. राजापूर तालुक्यात कशेळीला सड्यावर कोरलेला हत्ती बघितलाय का? 18 मीटर लांब, हत्ती आहे हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण ज्यांनी कोरला ते हत्तीला काय म्हणायचे? ते गेलं ते गेलंच.

मग ‘व्हय म्हाराजा’ का ठेवलं? कारण अर्थ गेला तरी आवाज टिकू शकतो, जर तो टिकवायची काही पद्धत असेल तर. वेद म्हणणारे लोक तेच करत आले. घनपाठात शब्द सुलटे म्हणायचे, उलटे म्हणायचे, जोड्या करून परत म्हणायचे, एखादा शब्द चुकला तर लगेच ठेच लागते. आजची कॉम्प्युटरवाली मंडळी संदेशातली चूक पकडायला जादा आकडे जोडतात, त्याच जातीची युक्ती. माझ्या यानात इंजिन सुरू करण्याआधी एक जण यादी म्हणतो आणि बाकीचे दर ओळीला एका सुरात उत्तर देतात, उत्तर आलं नाही तर पुढची ओळ म्हणायची नाही. आपलं गाऱ्हाणं ऐकलेल्या माणसाला ही रचना नवीन वाटणार नाही. तेव्हा ‘व्हय म्हाराजा’ हा तिथे एक खटका आहे, एवढंच. त्यांच्या तोंडी तो ‘व्हयमाज’ झालाय, ते तुमच्या नजरेतून सुटलं बहुतेक.

आमच्या वाडीत एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. तुम्हाला 60 कोटी वर्षांचं पडलंय. — नाव देत नाही

रास्त आहे. आमच्याकडेही हीच परिस्थिती, 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जांभ्याच्या लाल दगडातून सगळा समुद्रात. दुसऱ्या गोष्टीतलं शहर बाहेरून पाण्याचा एक थेंब आणू शकत नाही, तिथे आंघोळीचं, लघवीचं, श्वासातलं सगळं पाणी परत गाळून वापरतात, आणि ते मी स्वप्नातून आणलेलं नाही, 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर 98 टक्के पाणी परत मिळवून दाखवलंय. तुमच्या टँकरला त्याचा उपयोग नाही, मान्य. पण अंगणात पडलेलं पाणी जातं कुठे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

पाचव्या गोष्टीत बायका नाचणीसारख्या कशाची तरी आंबील ढवळतात. भात का नाही? कोकणी माणूस भाताशिवाय राहील का? आणि आंबा-काजू कुठे गेले?
— एक गृहिणी, लांजा

ताई, हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो.

भात गेला कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड संपत आला. आता तुम्ही म्हणाल तो तर वाढतोय. वाढतोयच, आपण जाळतोय म्हणून, कारखाने सुरू व्हायच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत 280 होता तो आता 420 च्या वर गेलाय, आणि पुढच्या शेकडो वर्षांचा ताप तोच आहे. पण कोटी वर्षांच्या हिशोबात हा एक ठसका. लांब पल्ल्याचा कल खाली आहे, आणि त्याचा पुरावा तुमच्या घराच्या भिंतीत आहे.

तुमचं घर चिऱ्याचं असेलच. चिरा म्हणजे जांभा, आणि बराचसा जांभा म्हणजे काळ्या पाषाणाचं उरलेलं. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहून तो काळा दगड तयार झाला. त्यावर पाऊस पडत राहिला, पावसात हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतोच, त्याने पाणी किंचित आंबट होतं आणि दगड खातं. दगडातलं कॅल्शियम, सिलिका वाहून जातं, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहतं, म्हणून जांभा लाल. वाहून गेलेलं कॅल्शियम समुद्रात पोचतं, तिथे तिसऱ्या, कालवं असे जीव त्याची शिंपली बनवतात, आणि त्या शिंपल्यांत पावसाबरोबर आलेला कार्बन बंद होतो. शिंपली तळाशी जाऊन चुनखडी होते. हवेतून उचलला आणि दगडात पुरला, असा हा कारभार. ज्वालामुखी त्यातला काही परत वर आणतात म्हणून आजवर तोल राहिला.

आता यात सूर्य घाला. सूर्य हळूहळू प्रखर होतोय, शंभर कोटी वर्षांत साधारण 10 टक्के. ऊन वाढलं की पाऊस वाढतो, दगड जास्त खाल्ला जातो, कार्बन जास्त पुरला जातो. भात, आंबा, काजू, माड ही सगळी एका जातीच्या यंत्रणेवर चालतात, तिला सी-3 म्हणतात, आणि कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत 150 च्या आसपास उतरला की त्यांची उपासमार सुरू होते. नाचणी, वरी, ज्वारी, ऊस, मका यांची यंत्रणा वेगळी, सी-4, ती आधी कार्बन गोळा करून मग स्वयंपाक करतात, त्यामुळे 10 पर्यंत उतरला तरी तग धरतात. हे नक्की कधी होईल याचे अंदाज बरेच वेगवेगळे आहेत, त्यातला 60 कोटी वर्षांचा मी धरला, कारण शेवटचं खग्रास ग्रहणसुद्धा साधारण तेव्हाच आहे. चंद्र लांब गेल्यामुळे त्याची टिकली सूर्याला पुरी झाकायला अपुरी पडणार. दोन तारखा जुळल्या म्हटल्यावर लेखकाला आणि काय पाहिजे.

म्हणून नाचणी. गंमत म्हणजे माझ्या लहानपणी नाचणीची भाकरी म्हणजे गरिबाचं खाणं, पाहुणा आला की आई घाईघाईने टोपात तांदूळ घालायची, भाकरी फडक्याखाली जायची.

दोन गोष्टी मात्र प्रामाणिकपणे सांगतो. ‘नाचणीसारखं’ असं मी मुद्दाम लिहिलं, कारण एवढ्या काळात कुठलंच बियाणं तसंच्या तसं राहत नाही, आणि माणूसही नाही, आपली जात जेमतेम 3 लाख वर्षं जुनी. त्या बायका कशा दिसतात हे मी कुठेही लिहिलेलं नाही, फक्त हात ढवळतात एवढंच आहे. आणि तो किनारा कोकणाचा नाही. आपली जमीन वर्षाला 5 सेंटीमीटरच्या आसपास उत्तरेकडे सरकतेय, 60 कोटी वर्षांत कोकण, घाट, अरबी समुद्र यातलं काहीच शिल्लक नसेल. म्हणून गोष्टीत किनाऱ्याला नाव नाही.

मला पण अशी माळ लिहायची आहे. हिरो एकच ठेवू की प्रत्येक गोष्टीत वेगळा? आणि लिहून पाठवू कुठे? टोपणनाव घ्यावं का? — बारावी झालेला, खेड

हिरो एकच ठेवायला तू त्याला अमर तरी करणार, नाहीतर बर्फात घालून झोपवणार, आणि मग वाचक हिशोब सोडून हिरोच्या मागे लागतो. मी एक वही केली. डाव्या रकान्यात साल, मग दिवसाची लांबी, चंद्राचं अंतर, ध्रुवतारा कोणता (12 हजार वर्षांनी अभिजित ध्रुवाजवळ असेल, तो चौथ्या गोष्टीत तिथूनच आला), आणि शेवटच्या रकान्यात ‘पाऊणपट कोणाला आठवते’. शेवटचा रकाना सोडला तर बाकी सगळं पुस्तकांतून मिळतं. गोष्ट त्या शेवटच्या रकान्यात आहे. आणि एवढं करूनही मी हर्णैत पकडला गेलो ते वर वाचलंस ना, दिवसाची लांबी वहीत बरोबर लिहिली होती आणि गोष्टीत वापरायला विसरलो.

पाठवायचं तर मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा बघ, जुनी आहे. 1974 मध्ये जयंत नारळीकरांनी तिथे पहिली कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून बायकोकडून लिहवून घेतली. बक्षीस मिळालं. त्यांना टोपणनाव घ्यावं लागलं कारण त्यांचं नाव सगळ्यांना माहीत होतं. तुझा माझा तो प्रश्न नाही, खऱ्या नावाने पाठव.

तिसऱ्या गोष्टीतला मित्र तारा आमच्या गावातून दिसतो का? मी पाचवीत आहे. — वेंगुर्ला

दिसतो बाळ, आणि दिल्लीच्या मुलांना तो जेमतेम क्षितिजाला चिकटलेला दिसतो, तुला चांगला दिसेल. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रात्री अकराच्या सुमाराला उघड्या जागी जा, पावसाचे ढग यायच्या आत. समुद्राकडे तोंड केलंस तर तुझा डावा हात दक्षिणेकडे होतो, तिकडे वळ. हात लांब करून मूठ धर, क्षितिजापासून मुठीच्या थोडं वर एक पिवळट ठळक तारा दिसेल तो मित्र, त्याच्या उजवीकडे तसाच ठळक दुसरा, तो मित्रक, आणि त्याच्याही उजवीकडे कलंडलेला लहानसा क्रूस, तो त्रिशंकू. मित्र 4.4 प्रकाशवर्षं लांब आहे, म्हणजे तुला दिसणारा प्रकाश तिथून निघाला तेव्हा तू बालवाडीत होतीस.

एकटी जाऊ नको, आजीला घेऊन जा, टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन लाव म्हणजे डोळे दिपणार नाहीत. खडपावर बसणार असशील तर भरती कधी आहे ते आधी काढ. कालनिर्णयावर तिथी बघ, पाऊणपट कर, आपल्याकडे भरती आधी येते तेवढं त्यातून कमी कर, आणि त्याच्याही तासभर आधीच माघारी ये.